अंजनाचे शेंडे

शेळी रानात गेली की खाली बघत नाही, वर बघते. पायाखाली गवत असलं तरी पुढचे दोन पाय झाडाला लावून उभी राहते आणि कोवळा शेंडा ओढते. हे मला कुणी शिकवलं नाही. चौथीतून शाळा सुटली तेव्हापासून मी शेळ्यांमागंच आहे. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आमच्या टेकडीवरच्या अंजनाचे शेंडे कुणी खाल्ले, ते गावाला कळायच्या आधी मला माहीत होतं. माझ्याच शेळ्यांनी खाल्ले होते. मीच नेल्या होत्या.

आमचं गाव बालाघाटाच्या कडेला, तेरखेड्यापासून फार लांब नाही. काही वर्षांमागं दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागायची. माणसं ऊसतोडीला जायची. गावात उरायची म्हातारी, शेळ्या आणि कुत्री. काही बाया तेरखेड्याला फटाक्याच्या कामाला जायच्या, सांजच्याला परत यायच्या तेव्हा हाताला रुपेरी बुकणी लागलेली असायची. घासली तरी जायची नाही. टेकडी उघडी पडली होती. वरनं पडलेला पाऊस तासाभरात माती घेऊन ओढ्याला जायचा आणि होळीला विहिरीचा तळ दिसायचा. हे असंच असतंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग एका संस्थेची बाई आली. लातूरकडची, वयानं माझ्या नातीएवढी. गाव मारुतीच्या पारावर जमवलं आणि म्हणाली, टेकडी तीन वर्षं चराईला बंद करा. चर खांदा, झाडं लावा. शेळ्या घरी बांधून पाळा, चारा घरी पिकवा, चांगल्या जातीचा बोकड सगळ्यांत मिळून ठेवा. शेळ्या ऐन भरात विकाल, मग ऊस तोडायला जायची गरज पडणार नाही.

मी मोठ्यानं हसलो. म्हणालो, "शेळीला जाग्यावर खाऊ घालायचं? शेळी हाय का बाळंतीन?"

गडी सगळे हसले. माझी बायको बायकांत बसली होती. माझ्याकडं न बघता ती त्या बाईला म्हणाली, "ताई, बाळंतपनं म्या केल्याती. शेळ्यांचीबी आन सुनांचीबी. काय लागतं ते मला ठावं हाय. हसनाऱ्यानं एक तरी केलंय का, इचारा जरा."

मग बाया हसल्या. मी उठून गेलो.

टेकडी बंद करायची तर कागदावर सह्या करून आमच्या गावात काही होत नाही. बिरोबाच्या देवळात भंडारा उचलावा लागतो. हातावर हळदीचा भंडारा घ्यायचा, देवासमोर शब्द बोलायचा आणि कपाळाला लावायचा. घरातलं एक माणूस उचलतं आणि जोडीदार त्याच्या कोपराला हात लावतो. हात लावला की शब्द दोघांचा होतो. आमच्या घरचा भंडारा तिनं उचलला. तळहात पुढं धरून मला म्हणाली, "हात लावा."

मी दोन पावलं मागं सरलो आणि हात पाठीमागं बांधले. माझ्यासारखे अजून पाच-सहा गडी होते, तेही तसेच उभे राहिले. मग ती देवाकडं वळून एकटीच बोलली, "टेकडीवर आमच्या घरची शेळी चढनार न्हाय." घरी आल्यावर त्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढं जे झालं ते मी बघतच होतो. बायांचा गट झाला. तिनं मोट बांधली. चर खांदले, अंजन लावलं, सीताफळ लावलं, गवताचं बी फेकलं. आमच्या परसात तिनं चाऱ्यासाठी शेवरी लावली. अंघोळीचं, भांड्याचं पाणी घागरीनं नेऊन एकेका झाडाला घालायची. शेळ्या पाल्यावर सुधारल्या. आधी व्यापारी यायचा, शेळीच्या पाठीवर पंजा दाबायचा आणि भाव सांगायचा. मी मान हलवायचो. तिनं लिंबाच्या फांदीला काटा टांगला आणि म्हणाली, आता पंजा नको, काटा बोलंल. व्यापारी शिव्या देत गेला आणि आठ दिवसांनी गुमान परत आला. पहिल्या साली चार घरं ऊसतोडीला गेली नाहीत. दुसऱ्या साली त्याहून जास्त. विहिरीला पाणी वैशाखापर्यंत राहू लागलं. मी तरी तोंडानं चांगलं म्हणालो नाही. चर कसे वाकडे खांदलेत तेवढंच सांगायचो.

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या श्रावणात ती गेली. सकाळी शेळ्यांना पाला टाकला, डोकं दुखतंय म्हणाली आणि ओट्यावर आडवी झाली. गाडी येईपर्यंत संपलं होतं. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

मुलगा सोलापूरला असतो. तेरावं झालं आणि तो गेला. मी आणि अकरा शेळ्या राहिलो. ती असताना शेळ्या माझ्या होत्या, असं मी म्हणायचो. ती गेल्यावर कळलं, माझा आवाज त्यांना ओळखीचा होता, पण उठायच्या त्या तिच्या आवाजाला. त्यात एक काळी होती, कानावर पांढरे ठिपके असलेली. तिची आई मेल्यावर माझ्या बायकोनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती शेळी कितीतरी दिवस सकाळी दाराकडं तोंड करून उभी राहायची. मी पाला टाकला तरी आधी दाराकडं बघायची.

आणि मी एक चूक केली. शेवरीला पाणी घातलं नाही. विसरलो असं नाही. घागर उचलायचो आणि परसाच्या दारात थांबायचो. तिथं तिची चप्पल होती. मग पाणी तिथंच ओतून आत यायचो. दिवाळीनंतर शेवरी पिवळी पडली, होळीला वाळून काटक्या झाल्या. ज्वारीही मी अर्धवट पेरली होती, कडबा चैत्रातच संपला. गावात बाकी सगळ्यांकडं थोडाफार चारा होता. माझ्याच दावणीला नव्हता. देवानं नाही, मीच उपास घडवला शेळ्यांना.

गटानं टेकडीचं गवत दिवाळीनंतर कापून वाटलं होतं आणि एक गंजी अडल्या-नडल्यासाठी राखून ठेवली होती. हा नियमही तिनंच केला होता. मागंल त्याला द्यायचं, कारण इचारायचं न्हाय. पण आता गट माझ्या भावजयीच्या हातात होता, धाकट्या भावाच्या बायकोच्या. मी तिचा भाया. आमच्यात धाकटी सून भायासमोर तोंड उघडत नाही. तीस वर्षांत ती माझ्याशी सरळ बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर डोक्यावर पदर घेऊन भिंतीला सांगायची. "भाकर वाढलीय म्हनावं." तिच्या दारात जाऊन मी चारा मागायचा? ज्या कामाला मी हसलो, त्याच कामाची गंजी मागायची? माझं पाऊल उचललं नाही.

वैशाखात शेळ्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. काळी गाभण होती. शेळ्या रात्रंदिवस ओरडल्या असत्या तर त्याचं काही वाटलं नसतं. त्या ओरडायच्या बंद झाल्या. गप बसून दोरी चघळायला लागल्या. शेळीनं दोरी चघळली की शेळीवाल्याला झोप लागत नाही.

टेकडी समोर दिसायची. कापलेल्या गवताची वाळकी खुंटं आणि त्यात अंजनाची हिरवी रोपं, माझ्या छातीला लागतील एवढी. मी मनाशी म्हणालो, भंडारा तिनं उचलला होता. माझा हात नव्हता. मला शपथ लागत नाही.

राखणीच्या बाया भर दुपारी भाकरी खायला खाली उतरायच्या. तेवढ्यात मी ओढ्याच्या बाजूनं शेळ्या वर घातल्या. पहिल्या दिवशी थोडा वेळ. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी काळी पोट सांभाळत अंजनाला पाय लावून उभी राहिली आणि शेंडा मोडल्याचा आवाज आला. मी दगडावर बसलो होतो. मला टेकडीची भीती नव्हती, गावाची होती. गावात एक गडी होता, खालच्या आळीतला. त्याच्या दावणीला चाळीस शेळ्या. तो पहिल्यापासून वाट बघत होता. "कुनी एकानं मोडू द्या, मग बगा," असं उघड म्हणायचा. एका घरानं शब्द मोडला की दुसऱ्या दिवशी गावची सगळी शेरडं वर आणि चार दिवसांत टेकडी होती तशी उघडी. हे मला बसल्या जागी दिसत होतं. तरी मी उठलो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बिरोबाच्या देवळासमोर गलका ऐकू आला. मी गेलो तर एक परमुलखाचा मेंढपाळ उभा, पागोटं हातात, आणि मागं त्याची मेंढरं बायांनी कोंडून धरलेली. आमच्याच शिवारात एका शेतकऱ्यानं खतासाठी त्याची मेंढरं बसवून घेतली होती. बायांना टेकडीवर मोडलेले शेंडे सापडले आणि जवळ हाच होता.

"दोन मेंढरं ठेव आन जा," कुणीतरी म्हणालं.

"मी वर गेलोच न्हाय ओ!" तो म्हणाला.

"मग शेंडे काय वाऱ्यानं खाल्ले?"

"माझी मेंढरं हायती. मेंढरू मान खाली घालून खातंय. छातीएवढ्या झाडाचा शेंडा मेंढरू खाईल का? धनगर न्हाईत का तुमच्यात कुनी? इचारा की!"

"तुज्या कळपात चार शेळ्याबी हायती. त्या काय बांधून ठिवल्या हुत्या?"

"व्हय, बांधल्याच हुत्या! करडं लहान हायती त्यांची. माझ्या म्हातारीला इचारा."

सगळे हसले. "चोराची साक्ष चोराची आई!"

मेंढपाळ हसला नाही. तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. माझ्या डोक्याचं मुंडासं बघून माझ्यावर त्याची नजर थांबली. "बाबा, तुमी सांगा. तुमी आमच्यातलंच दिसता. सांगा, हे मेंढराचं काम हाय का?"

मी जमिनीकडं बघितलं. तेवढ्यात मला जाणवलं की भावजयही माझ्याकडं बघतेय. तिचं माहेरही शेळ्या-मेंढरांचं. शेंडे बघितल्याबरोबर तिला कळलं असणार. गावात अकराच शेळ्यांच्या बरगड्या दिसत होत्या आणि तीन दिवसांत त्यांची पोटं भरली होती. तिला माहीत होतं आणि ती गप होती. माझी लाज राखत होती की माझी वाट बघत होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी गप राहिलो असतो तर टेकडी वाचत होती. दोष परक्यावर गेला असता, तो दोन मेंढरं देऊन निघून गेला असता, आणि गावात कुणी मोडलं असं झालं नसतं. खरं बोललो तर चाळीस शेळ्यांवाला समोरच उभा होता. खोट्यानं तिचं काम राहत होतं आणि खऱ्यानं जात होतं. असा पेच माझ्यावर कधी आला नव्हता.

एका गड्यानं कळपात शिरून एक मेंढी पायाला धरून ओढली. मेंढपाळ मधे पडला. त्याला धक्का बसला, तो गुडघ्यावर पडला. पागोटं धुळीत.

"सोड त्ये मेंढरू," मी म्हणालो. "माझ्या शेळ्या हुत्या. तीन दुपारी."

त्या गड्यानं पाय सोडला. मेंढी ओरडत कळपात शिरली.

आणि मला वाटलं होतं तेच झालं. चाळीस शेळ्यांवाला पुढं आला. त्याला आनंद लपवता आला नाही. "झालं! ऐकलं का समद्यांनी? जिनं टेकडी बंद केली तिच्याच घरची शेळी चढली. आता कुनाला अडवता? माझी शेरडं दुपारी वर जात्याल."

"जाऊ द्या की," मागनं एकजण म्हणाला. "आनि म्हाताऱ्यानं शपथ कुठं घेतलीय? त्यानं कुठं हात लावला हुता? म्याबी लावला न्हवता. ज्यानं लावला त्यानं पाळावी."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जी पळवाट मी तीन दुपारी चघळली, तीच पळवाट धरून गावातली निम्मी शेरडं वर जाणार होती. मी म्हणालो असतो, मला शपथ लागत नाही, तर हात पाठीमागं बांधलेले सगळेच सुटले असते.

"म्या हात लावला हुता," मी म्हणालो.

"खोटं! तुमी लांब उभं हुता. म्या सोता बगितलं," चाळीस शेळ्यांवाला म्हणाला.

"बिरोबासमोर उभा राहून तू माझ्या हाताकडं कशाला बगत हुतास रं? देवाकडं बगायचं सोडून?"

बाया खदखदून हसल्या. त्याचं तोंड उतरलं. पण तो ऐकणारा नव्हता. भावजयीकडं वळून म्हणाला, "तुमी तर जावंच्या शेजारीच हुता. तुमी सांगा. लावला हुता का हात?"

तिनं सगळं बघितलं होतं. तिच्याच समोर मी मागं सरलो होतो. बिरोबाच्या दारात ती खोटं बोलायची नाही, हेही मला माहीत होतं.

तिनं पदर सारखा केला. मग तीस वर्षांत पहिल्यांदा ती भिंतीकडं न बघता माझ्याकडं बघून बोलली. "दादा, घर तुमचं हाय का न्हाय?"

"हाय."

"मग भंडारा तुमच्या घरानं उचलला हुता. मोडला कुनी?"

"म्या मोडला."

"मोडला तर गटाचा नेम काय हाय, ठावं हाय?"

"एक शेळी. गट म्हनंल ती."

"मालकानं निवडायची न्हाय."

"न्हाय."

ती चाळीस शेळ्यांवाल्याकडं वळली. "ऐकलं? मोडला म्हून टेकडी उघडी व्हत न्हाय. मोडला म्हून शेळी जाती. तुमची शेरडं दुपारी वर सोडा, चाळीसातली कंची घ्यायची त्ये म्या आत्ताच बघून ठेवते."

तो काहीतरी पुटपुटला. त्याच्यामागचे गडी इकडंतिकडं बघू लागले. मला वाटलं, आता तरी ती जरा सबुरीनं घेईल. म्हातारी शेळी घेईल, नाहीतर एखादं करडू. घरचीच माणसं आम्ही.

"काळी द्या," ती म्हणाली. "ठिपक्याच्या कानाची."

"ती गाभन हाय," माझ्या तोंडून निघून गेलं. "ती... तिनं बाटलीवर..."

"मला ठावं हाय कुनी वाढवली ती. म्हूनच." तिचा आवाज फाटला. पण तिनं शब्द माघारी घेतला नाही. "दुसरी घेतली तर उद्या ही मानसं म्हनतील, घरच्याला सोडलं."

तिचं खरं होतं. मला त्या क्षणी तिचा राग आला, लई आला. पण तिचं खरं होतं.

मेंढपाळानं पागोटं झटकलं, मेंढरं एका जागी केली. मी त्याला म्हणालो, "बाबा, दोन दिवस थांब. चहापानी घे."

तो म्हणाला, "तुमच्या गावाचं पानीसुदिक नको. आदीच तोंड उगडलं असतंत तर म्या धुळीत पडलो नसतो." आणि गेला. त्याचं ऐकून घेण्याशिवाय माझ्याकडं काय होतं?

शेळी गटानं एका बाईला द्यायचं ठरवलं. तिला जमीन नाही, नवरा नाही, ती तेरखेड्याच्या कामाला जाणाऱ्यांतली. काळीला न्यायला दोन बाया आल्या, पण ती परक्याच्या हातानं हलेना. पाय रोवून उभी राहिली. शेवटी मीच दोरी धरली आणि ऊन डोक्यावर असताना गावाच्या त्या टोकाला चालत गेलो. वाटेत लोक दारात उभे होते. मी मान खाली घातली नाही.

जायच्या आधी एक काम केलं होतं. भावजयीच्या दारात उभा राहून म्हणालो होतो, "दहा शेळ्यांना चारा पायजे." तिनं कारण विचारलं नाही. दोन पेंढ्या काढून उंबऱ्यावर ठेवल्या आणि आत गेली.

त्या बाईच्या घरासमोर बाभळीची सावली होती. तिनं नवीन दोरी आणली होती. शेळीला कधी हात लावला नसावा, लांबनंच बघत होती.

"काय खाती ही, बाबा?"

"समदं खाती. पन पानी बादलीतलं पीत न्हाय. परातीत द्यायचं. आन सकाळी पाला टाकायच्या आदी हाक मारायची. हाक मारल्याबिगर तोंड लावत न्हाय."

"काय म्हनून हाक मारायची?"

मी सांगायला गेलो आणि मला येईना. माझी बायको काय म्हणायची ते रोज ऐकलेलं होतं, तरी माझ्या तोंडात ते बसेना. मी इकडंतिकडं बघितलं. तिच्या दारातनं टेकडी सबंध दिसत होती. भर दुपार झाली होती आणि वर एकही शेरडू नव्हतं. राखणीच्या दोन बाया तेवढ्या सीताफळाखाली बसून भाकरी खात होत्या. त्या दिवशी खाली उतरल्या नव्हत्या.

"तूच हाक मार," मी म्हणालो. "तुला यील त्या नावानं. चार दिवसांत वळखंल ती."

"बरं. व्यायली की सांगावा धाडते."

"सांगावा नको," मी म्हणालो. "दिवस भरत आल्यात तिचं. तुला एकटीला जमायचं न्हाय. परवाच्याला येतो बगायला."